धूळ कोणाच्या वाट्याला? : ‘पोकेमॉन गो’मधील निवडीचा विचार

संग्रह करणे आणि निवड करणे या दोन वृत्ती शेजारी शेजारी राहतात, पण त्यांचे फारसे पटत नाही. संग्राहकाला आणखी एक नग हवा असतो, तर निवड करणाऱ्याला हातातल्यांपैकी एक ठेवून बाकीचे सोडायचे असतात. गेल्या दशकात ज्या खेळाने जगभरच्या माणसांना मोबाइल हातात घेऊन रस्त्यावर आणले, तो ‘पोकेमॉन गो’ पहिल्या वृत्तीसाठी ओळखला जातो. ‘दिसेल तो प्राणी पकडा’ हे त्याचे उघड आवाहन आहे. पण काही महिने नेटाने खेळलेल्या माणसाशी बोलून पाहा. पकडण्याविषयी तो दोन मिनिटे बोलेल आणि नंतरचा अर्धा तास ‘कोणाला वाढवायचे’ यावर घालवील. प्राणी पकडणे सोपे आहे, कोणावर खर्च करायचा हे ठरवणे अवघड आहे.

त्या खर्चासाठी खेळात एक बटण आहे, ‘पॉवर अप’. या लेखात मी त्या एका बटणाचाच विचार करणार आहे. मी स्वतः हा खेळ काही वर्षे खेळतो आहे. मोबाइलवरचा खेळ समीक्षेचा विषय होऊ शकतो का, या वादात मला शिरायचे नाही. एखादी रचना माणसाला काय पाहायला शिकवते आणि कशाकडे दुर्लक्ष करायला लावते, हा प्रश्न कादंबरीला विचारता येतो तसा खेळालाही विचारता येतो. ‘पॉवर अप’ दाबताना आपण एका प्राण्याला ‘लायक’ ठरवतो. ही लायकी येते कुठून, एवढेच मला तपासायचे आहे.

अनुभवाऐवजी वाटप

न खेळणाऱ्या वाचकासाठी थोडी पार्श्वभूमी. पोकेमॉनचे पहिले खेळ फेब्रुवारी १९९६मध्ये जपानमध्ये निंटेंडोच्या ‘गेम बॉय’ या हातातल्या यंत्रासाठी आले. त्यांची कल्पना सातोशी ताजिरी यांची. टोकियोच्या उपनगरात वाढलेल्या ताजिरींना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. पुढे शेते आणि तळी बुजून इमारती झाल्या. किडे शोधण्याचा तो आनंद शहरातल्या मुलांना मिळावा, ही त्या खेळामागची प्रेरणा त्यांनी वेळोवेळी सांगितली आहे. पहिल्या खेळात १५१ प्राणी होते. जुलै २०१६मध्ये नायँटिक या अमेरिकी कंपनीने हीच कल्पना मोबाइलच्या नकाशावर बसवली आणि ‘पोकेमॉन गो’ जन्मला. कंपनीचे संस्थापक जॉन हँके हे नकाशांच्या क्षेत्रातले. ज्या तंत्रातून पुढे ‘गूगल अर्थ’ झाले, त्या कामाशी त्यांचा संबंध होता. भारतात हा खेळ डिसेंबर २०१६मध्ये रिलायन्स जिओच्या सहकार्याने अधिकृतपणे आला, आणि २०२३मध्ये त्याची हिंदी आवृत्तीही निघाली.

जुन्या आणि नव्या खेळांत पुष्कळ साम्य आहे. पण एका ठिकाणी फरक आहे आणि माझ्या दृष्टीने तोच मूलभूत आहे. जुन्या खेळात प्राणी लढून वाढत असे. जो लढला त्याला अनुभव मिळे आणि अनुभवातून त्याची पातळी चढे. दुबळ्या प्राण्याला वाढवायचे तर त्याला घेऊन गवतातून हिंडावे लागे, छोट्या लढायांत त्याला पुढे करावे लागे. त्याची वाढ हा त्याचाच इतिहास असे.

‘पोकेमॉन गो’त हा धागा तुटला आहे. इथे प्राणी कितीही लढला तरी त्या लढाईने त्याची पातळी वाढत नाही. पातळी वाढते ती दोन साधनांनी. एक ‘स्टारडस्ट’, म्हणजे ताऱ्यांची धूळ. ती सर्व प्राण्यांना सामाईक असते. दुसरी ‘कँडी’, ती त्या त्या प्राण्याच्या कुळापुरती असते. साधा प्राणी पकडला की १०० धूळ मिळते आणि ती खेळाडूच्या एकाच थैलीत जमा होते. धूळ मिळवून दिली पिजी नावाच्या रस्त्यावरच्या पाखराने आणि ती खर्च झाली म्यूटू नावाच्या दुर्मीळ प्राण्यावर, हे इथे रोजचेच आहे. वाढ ही जगण्यातून येण्याऐवजी वरून होणाऱ्या वाटपातून येते. जुन्या खेळातला मुलगा प्राण्याचा सोबती होता, नव्या खेळातला खेळाडू खजिनदार आहे.

खजिना अपुरा असला की खजिनदाराला सत्ता येते. पहिल्या पातळीपासून ४०व्या पातळीपर्यंत एका प्राण्याला न्यायला २,७०,००० धूळ लागते. त्यातली दीड लाख धूळ फक्त शेवटच्या दहा पातळ्या गिळतात. दुसरी कोणतीही जादा मिळकत धरली नाही तर दीड लाख धूळ म्हणजे दीड हजार साधे प्राणी पकडणे. ज्याच्या घराखाली चौकात देऊळ, पुतळा, बाग आणि ग्रंथालय आहे, त्याच्या नकाशावर थांबे दाटीवाटीने असतात आणि प्राणीही भरपूर उगवतात. तालुक्याच्या पलीकडच्या गावात थांबा एखादाच असतो. तेव्हा ४०व्या पातळीचा तोच प्राणी शहरातल्या आणि गावातल्या खेळाडूला सारख्या किमतीत पडत नाही. बटणावर आकडा मात्र दोघांनाही एकच दिसतो.

जन्माचे गुण आणि पातळीचे गुण

आता प्रत्यक्ष निवडीकडे येऊ. एकाच प्रजातीचे दोन प्राणी सारखे नसतात. प्रत्येक प्रजातीला हल्ला, बचाव आणि जीव यांचे ठरलेले पाया-आकडे असतात. त्यावर प्रत्येक प्राण्याला या तिन्ही बाबतींत ० ते १५ असे जादा गुण मिळतात. खेळाडू त्यांना ‘आयव्ही’ म्हणतात, मी त्यांना जन्मगुण म्हणेन, कारण ते प्राणी दिसतो त्या क्षणी ठरतात आणि एरवी खेळाडूच्या मेहनतीने बदलत नाहीत. सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, म्हणजे ४,०९६ शक्यता. रानात सहज भेटलेला प्राणी तिन्हीत १५ असण्याची शक्यता ४,०९६त एक. अशा पूर्ण गुणांच्या प्राण्याला खेळाडू ‘हंडो’ म्हणतात आणि तो मिळाल्याचा आनंद दहावीच्या निकालासारखा साजरा करतात.

हे गुण दाखवण्याची पद्धत कशी बदलली, हे समीक्षकाने पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट २०१६मध्ये मूल्यमापनाची सोय प्रथम आली तेव्हा कँडेला, ब्लांश आणि स्पार्क हे तीन संघांचे नेते आपापल्या ढंगात वाक्ये बोलत. कोणी प्राण्याचे तोंडभरून कौतुक करी, कोणी सौम्यपणे नापसंती सुचवी. खेळाडूंनी लवकरच तक्ते बनवले : अमुक वाक्य म्हणजे अमुक ते अमुक गुण. २०१९मध्ये वाक्यांची जागा तीन पट्ट्यांनी आणि ताऱ्यांनी घेतली. एकूण ४५पैकी २२पर्यंत शून्य तारे, २३पासून एक, ३०पासून दोन, ३७पासून तीन आणि पूर्ण ४५ला वेगळ्या रंगाचे मानचिन्ह. अभिप्राय गेला, गुणपत्रिका आली. अभिप्रायाच्या आडही आकडेच होते हे खरे, पण वाक्य वाचताना माणूस प्राण्याकडे क्षणभर तरी पाही. पट्टी पाहताना तो फक्त पट्टी पाहतो.

पण या गुणपत्रिकेला जेवढा मान मिळतो तेवढे तिचे वजन आहे का? हिशोब करून पाहू. म्यूटूचा हल्ल्याचा पाया-आकडा ३०० आहे. जन्मगुण शून्य असेल तर ३००, पंधरा असेल तर ३१५. सर्वांत कमनशिबी आणि सर्वांत भाग्यवान म्यूटू यांच्या हल्ल्यात फरक पाच टक्क्यांचा. दहा आणि पंधरा गुणांच्या म्यूटूंत तर दोन टक्क्यांहूनही कमी.

याउलट पातळी काय करते? २०व्या पातळीवरून ३०व्या पातळीवर गेल्यास प्राण्याचे तिन्ही आकडे सुमारे २२ टक्क्यांनी वाढतात, आणि त्याला ७५,००० धूळ पडते. ३० ते ४० या टप्प्यात वाढ सुमारे आठ टक्के आणि खर्च १,५०,०००. नोव्हेंबर २०२०च्या अखेरीस मर्यादा ५०व्या पातळीपर्यंत वाढवली गेली. तेव्हाच्या दरांनुसार ४० ते ५० हा टप्पा सुमारे सहा टक्क्यांच्या वाढीसाठी २,५०,००० धूळ आणि वर २९६ ‘कँडी एक्सएल’ मागतो. खर्च चढत जातो, मिळकत उतरत जाते. शहाणा हिशोब असा सांगतो की एकाला ५०व्या पातळीवर नेण्याच्या खर्चात तीन-चार जण ३०व्या पातळीवर उभे राहतात आणि सामूहिक लढाईत ते अधिक कामाचे ठरतात.

म्हणजे वीसवरून तीसवर जाण्याच्या साध्या मेहनतीने जन्मातला सगळा फरक चौपट भरून निघतो. काही लढायांत मारलेल्या घावाचा आकडा पूर्णांकात धरला जात असल्याने एखादा गुणही कामी येतो, हे मला ठाऊक आहे. पण तो अपवाद आहे आणि तो साधायला बारीक गणित लागते. तरीही खेळाडूंचे सगळे कौतुक ताऱ्यांभोवती फिरते. बैलबाजारात जाणता शेतकरी पाठीवरचा भोवरा पाहतो, तसाच दातही मोजतो, चालवूनही पाहतो. इथे भोवऱ्यावरच सौदा होतो, कारण पडद्यावर पहिल्यांदा तोच दिसतो.

फ्रेंच विचारवंत रॉजे कायवा यांनी खेळांवरच्या आपल्या १९५८च्या ग्रंथात खेळांचे चार वर्ग केले. त्यांतले दोन म्हणजे स्पर्धा आणि दैव. स्पर्धेत माणूस आपल्या कर्तबगारीवर विसंबतो, दैवाच्या खेळात तो फासे टाकून वाट पाहतो. ‘पोकेमॉन गो’चे चातुर्य असे की तो दैवाने दिलेल्या गोष्टीला कर्तबगारीचे पदक लावतो. पूर्ण गुणांचा प्राणी मिळवणाऱ्याने बहुधा काहीच विशेष केलेले नसते, तो फक्त तिथे होता. पण चारचौघांत तो प्राणी त्याची कमाई म्हणून मिरवला जातो. जन्माने मिळालेल्याला गुणवत्ता म्हणायची सवय आपल्याला खेळाने लावलेली नाही, ती आपल्या समाजात जुनी आहे. खेळ तिला फक्त एक सुबक चौकट पुरवतो.

कुंपण बदलले की क्रम बदलतो

इथवरच्या हिशोबात एक गृहीत दडलेले आहे : ‘बलवान’ या शब्दाला एकच अर्थ आहे, हे ते गृहीत. खेळाची खोल रचना मात्र ते पदोपदी मोडते. माझ्या मते खेळातला सर्वांत बुद्धिमान भाग तोच आहे.

पहिले उदाहरण प्रतिस्पर्ध्याचे. टिरॅनिटार हा खडक आणि अंधार या दोन प्रकारांचा दांडगा प्राणी. कुस्ती-मारामारीच्या प्रकारातला हल्ला या दोन्ही प्रकारांवर १.६ पट लागू पडतो, म्हणजे एकत्रित २.५६ पट. मॅचॉप हा तसा सामान्य प्राणी. त्याचे वाढलेले रूप मॅचॅम्प. मॅचॅम्पचा हल्ल्याचा पाया-आकडा २३४, म्यूटूचा ३००. पण म्यूटूचा स्वतःच्या प्रकारातला, मानसशक्तीचा हल्ला टिरॅनिटारवर जेमतेम ०.३९ पट लागतो. त्या मैदानात रस्त्यावरचा मॅचॅम्प राजाला मागे टाकतो. भर म्हणून हवामानही आहे. खेळातल्या नकाशावर पाऊस असेल तर पाणी, वीज आणि कीटक या प्रकारांचे हल्ले २० टक्क्यांनी जोर धरतात. मुंबईच्या जुलैत कोणाला वाढवावे आणि नागपूरच्या मे महिन्यात कोणाला, याचे उत्तर एक येत नाही.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. खेळाडूंनी आपसात लढण्याच्या स्पर्धांत ‘ग्रेट लीग’ नावाचा एक गट आहे. तिथे १,५००हून अधिक ताकदीच्या, म्हणजे ‘सीपी’च्या प्राण्याला प्रवेश नाही. हा सीपी काढताना हल्ल्याचा आकडा जसाच्या तसा गुणला जातो, पण बचाव आणि जीव यांची वर्गमुळे घेतली जातात. परिणामी हल्ल्याचा गुण सीपी झपाट्याने फुगवतो आणि प्राणी कुंपणाला लवकर टेकतो. ज्याचा हल्ला कमी आणि बचाव व जीव भरपूर, तो त्याच १,५००च्या आत अधिक वरची पातळी गाठू शकतो आणि अधिक वेळ तग धरतो.

अझुमेरिल हा या गटातला नावाजलेला प्राणी. त्याचे पाया-आकडे ११२, १५२ आणि २२५. सूत्रात घालून पाहिले तर तिन्हीत १५ गुणांचा ‘परिपूर्ण’ अझुमेरिल सुमारे ३६व्या पातळीवर १,५००ला टेकतो. हल्ल्यात शून्य आणि बाकी दोन्हींत १५ असलेला त्याचा भाऊ ४५व्या पातळीच्याही थोडा पुढे जातो. तिथवर नेण्याचा खर्च मोठा आहे हे खरे, पण तो नेता येतो, आणि बचाव व जीव या दोन्हींत तो परिपूर्ण भावाला मागे टाकतो. आता या दुसऱ्याची गुणपत्रिका पाहा : ४५पैकी ३०, दोन तारे. शोधखिडकीत ताऱ्यांची संख्या टाकून तिनाखालचे सगळे एकगठ्ठा काढून टाकण्याची सवय अनेक खेळाडूंना असते. त्या झाडूत ग्रेट लीगचा हा उत्तम मल्ल कचऱ्याबरोबर जातो.

तिसरे उदाहरण नीतीचे आहे, म्हणून अधिक अस्वस्थ करणारे. जुलै २०१९मध्ये खेळात ‘टीम गो रॉकेट’ नावाची खलटोळी आली. ती प्राणी चोरते आणि त्यांची मने काळवंडून टाकते, असे कथानक आहे. असे ‘शॅडो’ प्राणी लाल डोळ्यांचे, अंगाभोवती जांभळट धग असलेले. खेळाडूने त्यांना सोडवावे आणि धूळ व कँडी खर्चून शुद्ध करावे, हा कथेचा आग्रह. शुद्ध केल्यावर तिन्ही जन्मगुण दोन-दोनने वाढतात आणि पुढे वाढवण्याचा खर्चही थोडा कमी होतो. पण शॅडो असताना त्याचा हल्ला २० टक्क्यांनी जास्त असतो. त्याबदल्यात तो स्वतःही २० टक्के जास्त मार खातो. पुन्हा म्यूटूचा हिशोब करू. हल्ल्यात शून्य गुणांचा शॅडो म्यूटू : ३०० गुणिले १.२, म्हणजे ३६०. साधा परिपूर्ण म्यूटू : ३१५. त्याच पातळीवरचा सर्वांत कमनशिबी शॅडो सर्वांत भाग्यवान साध्यापेक्षा जोरात मारतो.

म्हणून जाणता खेळाडू शॅडो म्यूटूला शुद्ध करत नाही. कथा सांगते, त्याला यातनेतून मुक्त कर. गणित सांगते, यातना हेच त्याचे भांडवल आहे, ते सांभाळ. आणि शुद्धीकरणाने वाढणाऱ्या दोन-दोन गुणांचे आमिष पुन्हा त्या ताऱ्यांच्या पट्टीवरचेच. निर्मात्यांनी हा पेच जाणूनबुजून रचला की तो आकड्यांच्या जुळवाजुळवीतून आपोआप उभा राहिला, हे गौण आहे. खेळात तो आहे, आणि हजारो खेळाडू शब्दांऐवजी आकड्यांवर विश्वास ठेवून तो सोडवतात. कथानक आणि नियम यांत फट पडली की वाचक कोणाचे ऐकतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण साहित्यातही क्वचितच सापडेल.

तिन्ही उदाहरणांचे तात्पर्य मला एकच दिसते. लायकी प्राण्याच्या अंगी नसते, ती कुंपणाच्या मापात असते. प्रतिस्पर्धी, हवामान, सीपीची मर्यादा यांतले काहीही बदला, क्रम उलटापालटा होतो. कुंपण न सांगता कोणाला ‘उत्तम’ म्हणणे म्हणजे अर्धे वाक्य बोलणे आहे. खेळाच्या तळघरात हे शहाणपण आहे, पण दर्शनी भागात तारे टांगलेले आहेत. या खेळावर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. त्याची रचना जितकी प्रगल्भ आहे तितका त्याचा चेहरा नाही.

कँडी कुठून येते

निवडीला दुसरी बाजू असते, न निवडलेल्यांची. सुरुवातीला खेळाडूला मर्यादित प्राण्यांचीच जागा मिळते. अधिक जागा नाण्यांनी विकत घेता येते. घेतली तरी ती पुन्हा भरते. मग नको असलेले प्राणी प्रोफेसर विलो नावाच्या पात्राकडे ‘ट्रान्सफर’ करायचे. बदल्यात दर प्राण्यामागे त्याच कुळाची एक कँडी मिळते. प्रोफेसर त्या प्राण्यांचे काय करतात, याबद्दल खेळ मौन पाळतो. खेळाडूंत त्यावर विनोद चालतात, आणि ते विनोद काळेच असतात.

मॅजिकार्प नावाचा एक निरुपयोगी, तडफडणारा मासा आहे. त्याचे ग्याराडोस या अक्राळविक्राळ रूपात परिवर्तन व्हायला ४०० कँडी लागतात. त्या बहुतेक दुसऱ्या मॅजिकार्पांकडून येतात : पकडल्यावर काही, पाठवून दिल्यावर एक. म्हणजे एका माशाच्या उत्कर्षात त्याच्या शंभरेक भावंडांचा वाटा असतो, आणि त्यांची नावनिशाणी कुठेही उरत नाही. प्राण्याला सोबती म्हणून घेऊन चालल्यानेही कँडी मिळते हे न्यायासाठी सांगायला हवे. मॅजिकार्पला दर किलोमीटरला एक मिळते. पण ४०० किलोमीटर चालायची तयारी किती जणांची असणार?

‘कँडी’ आणि ‘धूळ’ हे शब्द इथे महत्त्वाचे काम करतात. एक बाळबोध, दुसरा काव्यमय. दोन्ही हिशोबाला हिशोब वाटू देत नाहीत. धूळ सामाईक असल्याने तिचा उगम पुसला जातो. कँडीचा उगम कुळापुरता शिल्लक राहतो आणि म्हणूनच तो अधिक बोचरा आहे. ताजिरींच्या लहानपणीच्या किड्यांना कोणी एकमेकांच्या खर्चाने मोठे केले नव्हते. काचेच्या बरणीतला भुंगा भुंगाच राहत असे.

यावर एक उत्तर येईल, आणि ते मला मान्य आहे : हे चित्रातले प्राणी आहेत, कोणाला काही दुखत नाही. मर्यादित साधने जपून खर्च करणे हे कौशल्य आहे आणि त्यात खरा बौद्धिक आनंद आहे. सूत्रे शोधून काढणारे, तक्ते बनवून नवख्यांना फुकट देणारे खेळाडू मी पाहिले आहेत. त्यांच्याइतकी निरपेक्ष अभ्यासवृत्ती अनेक चर्चासत्रांत मिळत नाही. पण माझा प्रश्न प्राण्यांना दुखते का, हा नाही. पाहणाऱ्याच्या नजरेला कोणते वळण लागते, हा आहे. रस्त्याच्या कडेला एक प्राणी उगवतो. पहिल्या आठवड्यात आपण म्हणतो, ‘अरे, हा कोण?’ सहा महिन्यांनी आपण म्हणतो, ‘किती तारे?’

सूत्रात ज्याला वजन नाही

जर्मन विचारवंत वॉल्टर बेन्यामिन यांनी एकोणिसाव्या शतकातील पॅरिसवर लिहिताना संग्राहकाविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. संग्राहक वस्तूंना उपयुक्त असण्याच्या वेठबिगारीतून सोडवतो, असा त्याचा आशय. टपालाचे तिकीट संग्रहात गेले की त्याला पत्र पोहोचवायचे नसते. या कसोटीवर ‘पॉवर अप’ ही संग्रहाच्या नेमकी उलट क्रिया आहे. जो प्राणी केवळ असण्यासाठी आपल्याकडे आला, त्याला ती पुन्हा कामाला जुंपते आणि मग त्याच्या कामाचा जाब विचारते.

बुधवारी संध्याकाळी सहा ते सात ‘रेड अवर’ असतो, तेव्हा आमच्या भागातल्या बागेच्या फाटकाशी दहा-बारा जण जमतात. त्यांत महाविद्यालयातली मुले असतात, एक-दोन गृहिणी असतात, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका असतात. एकदा त्यांच्या मोबाइलवरची यादी पाहून एक मुलगा कळवळून म्हणाला, “काका, हे शून्य ताऱ्यांचे पिजी कशाला ठेवलेत? जागा अडते ना.” काकांनी त्यातला एक उघडून त्याच्यापुढे धरला. “हा मिरजेच्या प्लॅटफॉर्मवरचा आहे.” मुलगा म्हणाला, “पण त्याचा उपयोग काय?” काका म्हणाले, “उपयोग कशाला हवा? हा मिरजेचा आहे.” तेवढ्यात लढाई सुरू झाली आणि विषय तिथेच राहिला.

काका काय दाखवत होते, ते नीट पाहू. या खेळात प्रत्येक प्राण्याच्या पानावर, खाली अगदी शेवटी, तो कोणत्या दिवशी आणि कुठे पकडला याची नोंद असते. सीपीच्या सूत्रात तिला काहीही वजन नाही. पण संपूर्ण पानावर फक्त त्या प्राण्याची अशी म्हणता येईल ती हीच गोष्ट. पाया-आकडे प्रजातीचे असतात. एकसारखे जन्मगुण असलेले प्राणी जगात असंख्य असतील. धूळ तर सगळ्यांचीच. मिरजेच्या प्लॅटफॉर्मवर, त्या तारखेला, त्या माणसाला भेटलेला पिजी मात्र एकच. जुन्या खेळात लढाईच्या अनुभवातून प्राण्याला जो इतिहास मिळे, त्याचा उरलेला तुकडा नव्या खेळात या एका ओळीत शिल्लक आहे.

म्हणून सगळी धूळ आठवणींवर उधळावी, असा सल्ला मी देणार नाही. टिरॅनिटार समोर उभा असताना मिरजेचा पिजी काही कामाचा नाही, आणि काकांनीही त्या दिवशी मॅचॅम्पच पुढे केला होता. मला दिसते ते इतकेच की त्यांनी दोन प्रश्न वेगळे ठेवले होते. लढाईला कोण न्यायचा, हा एक. कोण ठेवायचा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कुंपण पाहून द्यायचे असते आणि ते गणिताने नीट देता येते. दुसऱ्याचे उत्तर गणिताकडे नसते. ताऱ्यांची पट्टी या दोन प्रश्नांची सरमिसळ करते. लढाईतल्या नालायकीवरून ती प्राण्याला घराबाहेर काढायला लावते, आणि तेही बहुधा लढाई कोणती हे न विचारता.

एप्रिल-मेच्या सुट्टीत हा खेळ खेळणाऱ्या मुलांना त्यांचे स्वतःचेही निकाल मिळतात. तेही तीन-चार पट्ट्यांतच. त्या निकालाकडे पाहणाऱ्या मोठ्यांनाही ‘कशासाठी’ हा शब्द जोडल्याशिवाय ‘हुशार’ हा शब्द वापरायची सवय असतेच. खेळाने मुलांना काय शिकवले, असे आपण विचारतो, तेव्हा खेळाने आपल्याकडून काय उचलले हेही पाहायला हवे.

२०२५मध्ये नायँटिकने आपला खेळांचा व्यवसाय साडेतीन अब्ज डॉलरना स्कोपली या कंपनीला विकला. मालक बदलले, दर बदलतील, पातळ्या वाढतील, आज मोलाचा असलेला प्राणी नव्या नियमाने उद्या मागे पडेल. खेळाडूंना हे ठाऊक आहे, म्हणून मुरलेले खेळाडू लाखो धूळ न वापरता साठवून ठेवतात, कोणावरच खर्च करत नाहीत. मला ही शहाणपणाची शेवटची पायरी वाटत नाही. धूळ खर्चण्यासाठीच आहे. फक्त बटण दाबण्यापूर्वी ‘हा चांगला आहे का’ असे न विचारता ‘हा मला कोणत्या लढाईसाठी हवा आहे’ असे विचारावे. उत्तर मिळाले तर खुशाल दाबावे. आणि ज्याच्यासाठी कोणतीच लढाई सापडत नाही, त्याच्या पानावर खाली जाऊन तो कुठे भेटला होता, ते एकदा वाचावे.